चोणक धरला आणि सोडून दिला!

अहो, आणखी एक कुटुंब गेलं! कोथरूडच्या सोसायटीतलं, डी विंगमधलं, नवं किचन करून वर्षही झालं नव्हतं. गेलं म्हणजे तसलं काही नाही, गोव्याला गेलं. फिरायला नव्हे, कायमचं राहायला. आणि कशासाठी? तर मासे पकडायला! ज्या घरात अंड्याचा केक आला तर तो आजींच्या नजरेआड, जिन्यात उभं राहून संपवावा लागायचा, त्या घरचा कर्ता पुरुष आता पहाटे साडेचारला हाफ पँट घालून खडकावर उभा असतो आणि कोलंबीत गरी ओवतो म्हणे. कोलंबी! आणि तीही वळवळणारी!

एखाद्याच्या डोक्यात शिरतं म्हणून सोडून दिलं असतं. पण ही साथ आहे साथ. २०२० साली ऑफिसं घरात आली, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की घरच कुठेही नेता येतं. आधी दिल्लीवाले निघाले, मग मुंबईकर, आणि सगळं नीट तपासून, चार ठिकाणी चौकशी करून, शेवटी पुणेकर. ओळखायची खूणही सोपी आहे. दिल्लीवाला व्हिला घेतो, मुंबईकर दोन बेडरूमचा फ्लॅट घेतो, आणि पुणेकर आधी अकरा महिने भाड्याने राहून घरमालकालाच घर कसं राखावं ते समजावून सांगतो. २०२३ च्या जानेवारीत मोपाच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली आणि उरलेसुरले कुंपणावरचेही तिकडे उतरले.

यातली गंमत गोवेकरांच्या आधी लक्षात आली. १६ जानेवारी १९६७ ला तिथे जनमत कौल झाला होता. महाराष्ट्रात यायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली आणि आपण हात चोळत बसलो. त्यांनी आपल्यात विलीन व्हायचं नाकारलं म्हणून आता आपण, एकेक फ्लॅट करत, त्यांच्यात विलीन होतोय. म्हापशाच्या बाजारातली एक बाई मला म्हणाली, "तेव्हा मत तरी विचारलं होतं."

बरं, समुद्राकाठी राहावं, संध्याकाळी वाळूत पाय बुडवावेत, कुणाला नको आहे? पण नुसतं राहणं आता मागासलेपणाचं. 'आउटडोअर' जगायचं! म्हणजे सकाळी कयाक, संध्याकाळी गळ, आणि मधल्या वेळात बंगळूरच्या बॉसबरोबर व्हिडिओ कॉल. कॉलच्या वेळी कमरेवर इस्त्रीचा शर्ट आणि कमरेखाली चिखल. एकाच्या कॉलमध्ये म्हणे मागून रीलची करकर ऐकू आली आणि साहेबांनी विचारलं, "ड्रिलिंग चालू आहे का?" तो म्हणाला, "हो, शेजारी." शेजारी कसला, गळाला तांबोसा लागला होता!

आणि सामान काय सांगू! कार्बन फायबरचा रॉड, जपानी रील, वेणीसारखी विणलेली लाईन, पाण्यातली चमक मारणारा गॉगल, तोंडाला मुखवटा, हातमोजे, माशाचा जबडा धरायचा वेगळा चिमटा, आणि खोट्या माशांची एक अख्खी पेटी. लाल डोक्याचे, चंदेरी पोटाचे, बुडणारे, तरंगणारे, पाण्यावर डुबुक डुबुक आवाज करणारे. एकेकाची किंमत ऐकून मला वाटलं, एवढ्यात खरी सुरमई येईल, तीही तुकडे करून. बायकोला सांगताना मात्र प्रत्येकाची किंमत निम्मी होते. साडीच्या बाबतीत हा हिशोब बायकांनी फार पूर्वीच बसवला होता, त्यामुळे तिलाही कळतंच.

हे सगळं घेऊन हा ज्या फेरी धक्क्यावर उभा राहतो तिथेच, चार हात पलीकडे, बनियन घातलेले एक म्हातारे बाब बसलेले असतात. त्यांच्याकडे पाण्याची रिकामी बाटली, तिला गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसं आणि गरी. बस्स. रॉड नाही, रील नाही. बोटावर दोरी धरायची आणि तर्जनीला कळतं खाली काय चाललंय ते. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पिशवीत चार शेवटे, दोन कालुंदर. ह्याच्याकडे शहाऐंशी फोटो. शेवटो हा तर गोव्याचा राज्यमासा आहे, २०१६ साली तसं जाहीर झालं. आता राज्यमासा बाटलीला लागतो आणि जपानी रीलला लागत नाही, याला मत्स्यखातं तरी काय करणार?

पण पुणेकर हरत नाही, तो अभ्यास करतो. कुणीतरी त्याला सांगितलं की मासा घड्याळावर चालत नाही, भरती-सुकतीवर चालतो. भरती लागताना नाहीतर सुकती लागताना पाणी हलतं, तेव्हाच तोंड लावतो. मग आली कोकणातली जुनी युक्ती: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला सव्वाअकरा, थोडं पुढेमागे. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, जोर कमी. पुनवेला उधाण. हे समजल्यापासून भिंतीवर कालनिर्णय आलं. आई पुण्याहून राहायला आली होती. ज्या मुलाला मुंजीनंतर संध्या आठवली नाही तो रोज सकाळी तिथी बघतोय, हे पाहून माउलीचे डोळे भरून आले. संकष्टीच्या दिवशी तर तो दुपारी जेवलाही नाही, कालनिर्णयात डोकं घालून बसला. आईला वाटलं चंद्रोदय बघतोय. तो चाराची पाऊणपट करत होता. तीनला भरती! संकष्टीला, अहो, संकष्टीला हा गळ घेऊन गेला!

त्याच मुक्कामात त्या माउलीने फ्रीझर उघडला. वरच्या कप्प्यात खोवलेला नारळ, आणि त्याला टेकून कोलंब्यांची पिशवी. त्या मटकन खाली बसल्या. मुलाने धीर दिला, "अगं आई, ही आपल्याला खायची नाही, माशांना घालायची आहे." त्यावर त्या आणखीच हबकल्या. बाटणं एक वेळ समजू शकतं. पण चारशे रुपयांची कोलंबी माशाला? पुण्याला परतल्यावर त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती धर्माची नाही, दराची.

आता खरी भानगड ऐका. आतापर्यंतचं सगळं मी पोटात घातलं असतं. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, रायबंदरच्या फेरी धक्क्यावर. संध्याकाळची वेळ, चोडणला जाणारी फेरी लागायची होती, स्कूटरवाले आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाया उभ्या. आमच्या ह्या गॉगलवाल्याचा रॉड एकदम वाकला, रील किंचाळली, आणि दहा मिनिटं झोंबाझोंबी करून त्याने काढला एक चोणक. रायगडकडे जिताडा म्हणतात ना, तोच. चांगला भलाथोरला, पोट चंदेरी, डोळा दिव्यासारखा लकाकणारा. धक्क्यावरच्या प्रत्येक माणसाने मनातल्या मनात तो शिजवला. कुणी हुमण केलं, कुणी रवा लावून तळला, डोकं कुणाला द्यायचं तेही ठरलं.

त्याने काय केलं? ओला टॉवेल पसरला. पट्टी लावून लांबी मोजली. वजन केलं. मित्राने तीन बाजूंनी फोटो काढले. मग पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून, माशाला दोन्ही हातांत धरून पुढेमागे, पुढेमागे केलं, कल्ल्यांत पाणी खेळावं म्हणून. आणि सोडून दिला.

सोडून दिला हो!

बनियनवाले बाब उठून उभे राहिले. "सोडलो? कित्याक?" हा म्हणाला, "कॅच अँड रिलीज, अंकल. स्पोर्ट आहे." बाबांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्याने कपाळाजवळ बोट फिरवलं. एक बाई म्हणाली, आजारी असेल मासा. दुसरी म्हणाली, मासा नाही, तो. फेरी लागली, फळी पडली, गाड्या चढल्या, तरी पणजीच्या बाजारात त्याला किती आले असते यावर वाद चालूच. फेरी सुटली तेव्हा भाव मघापेक्षा दीडपट झाला होता.

घर सोडलेलं चालेल, नोकरी सोडलेली चालेल, लेकरांची शाळा मधेच सोडलेली चालेल. पण चोणक सोडला? मी पुण्यात ही बातमी सांगितली तेव्हा शाकाहारी लोकांनीसुद्धा 'अरेरे' केलं.

मग मी जरा चौकशी केली, कारण चर्चा करायची तर माहिती पक्की हवी. आणि जे कळलं ते ऐकून माझीच वाचा बसली. चोणकाच्या घरातलं तुम्हाला माहीत आहे का? बहुतेक सगळे चोणक सुरुवातीला नर असतात. काही वर्षं नर म्हणून नांदतात, बाप होतात, आणि अंगाने भरले की माद्या होतात! राजरोस. कुणी बोलत नाही, कुणी विचारत नाही. नदीच्या मुखाशी, खाऱ्या-गोड्या पाण्याच्या सीमेवर, सगळा संसार असा. आणि तिथेच खडकात जो गोबरा राहतो, त्याच्याकडे बरोब्बर उलटं. तिकडे आधी बाई आणि मग बुवा. एकाच खाडीत शेजारी राहतात, आणि आपण डी विंगमधल्या एका घटस्फोटावर तीन महिने बोलत होतो!

यातून निघतं काय, तर मोठा चोणक म्हणजे हमखास मादी. एकेकीच्या पोटात लाखांनी अंडी. तेव्हा मोठी सोडून द्यावी, मधल्या आकाराचे खावेत, हे शास्त्राला धरून आहे. म्हणजे त्या गॉगलवाल्याचं चुकलं नव्हतं, चिडचिड होते ती यामुळेच. फक्त हे रायबंदरच्या धक्क्यावर, भूक लागलेल्या वेळी, दोन पिशव्या हातात असलेल्या बाईला कोण सांगणार?

बरं, सोडणारे तरी सगळे तत्त्वाने सोडतात असं समजू नका. काहींना लागतच नाही. अशांची गोष्ट वेगळी. सकाळी साडेआठला मासे विकणारी नुस्तेकान्न स्कूटरवरून येते, भोंगा वाजवते, आणि हे महाशय मागच्या दाराने पळत जातात. तासाभराने पुण्याच्या नातेवाइकांना फोटो: खडक, समुद्र, हसरा चेहरा, हातात पापलेट. 'आजचा कॅच!' पुण्यात सगळे अंगठे दाखवून मोकळे. पण त्याच फोटोवर मालवणच्या एका मावशींची नजर पडली. त्यांनी आधी विचारलं, पापलेट कधीपासून गरीला लागायला लागलं? ते जाळ्यात येतं. मग म्हणाल्या, फोटो मोठा कर. डोळा आत गेलेला. कल्ला काळपट. पोटावर बर्फाच्या खड्याची खूण. मावशी म्हणाल्या, "दोन दिवसांचं आहे. ह्याला वजनातही फसवलं असणार."

विचारलं तर उत्तर तयार: बाजारातल्या माशाचा भरवसा नाही हो, २०१८ च्या जुलैत फॉर्मेलिनचं प्रकरण झालं होतं ना! झालं होतं खरं. मडगावच्या घाऊक बाजारात तपासणी, पेपरात मथळे, बाहेरून येणाऱ्या माशांवर बंदी, सगळा गोवा हवालदिल. माशाच्या शीत-कडीशिवाय दुपार म्हणजे तिथे दुखवटाच. त्याच वेळी निम्म्या जगाला समजलं की गोव्याच्या ताटातला बराच मासा कर्नाटकातून, महाराष्ट्रातून ट्रकने येतो. म्हणजे बघा, मासा आपल्याकडून तिकडे जातोय आणि त्याच्या मागोमाग माणसंही तिकडेच.

घराचं तर विचारूच नका. सगळ्यांना हवं जुनं पोर्तुगीज घर. ओसरीसारखा बाल्कांव हवा, शिंपल्यांच्या खिडक्या हव्यात, मागे विहीर, पुढे फणस. दलाल घर दाखवतो तेव्हा बाल्कांवात वारा येत असतो, पक्षी ओरडत असतो, सगळं कसं मनासारखं. मालक कोण हे विचारलं की वारा थांबतो. गोव्यात अजून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतला कौटुंबिक कायदा चालतो. नवराबायकोची मालमत्ता साधारण सामाईक, मुलांचा हक्क राखीव, कुणाला सहज डावलता येत नाही. ऐकायला किती छान! मुलींना इतक्या आधीपासून समान वाटा देणारा कायदा आपल्याकडे कुठे होता? पण खरेदी करायला गेलं की एका घराला सतरा वारस, आणि प्रत्येकाची बायको किंवा नवराही सहीला. एक लिस्बनला, दोन स्विंडनला, एक कुवेतला, एक आत्या साळगावातच पण ती गेली वीस वर्षं भावाशी बोलत नाही. शेवटची सही मिळेपर्यंत बाल्कांवाचा एक खांब खचतो आणि किंमत मात्र वर जाते.

शेत घेऊन तिथे तंबू ठोकू म्हणणारेही आहेत. त्यांना २०२३ चा कायदा आडवा येतो, शेतकरी नसलेल्याला भातशेती विकायला मनाई. म्हणून मग 'झोन बदलून मिळेल' असं कानात सांगणारे भेटतात. इथे मात्र माझं हसू जरा आवरतं. नगर नियोजन कायद्यातल्या १७(२) आणि ३९अ या कलमांवरून गोव्यात गावोगाव आरडाओरडा झाला, माणसं रस्त्यावर आली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेलं, ते काही हौस म्हणून नाही. अवघं ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य. त्यातलं डोंगर, खाजनं, नद्या वजा करा आणि मग सांगा, प्रत्येकाला पोहण्याच्या तलावासहित व्हिला कुठून काढायचा? आणि पोहण्याचा तलाव तरी कशाला? समुद्रासाठी आला होतात ना?

खाजन म्हणजे काय हेही यांना कयाकमधून कळलं. नदीकाठी बांध घालून खारं पाणी अडवायचं, आत भात आणि मासे दोन्ही घ्यायचे, मानशीच्या दारातून पाणी आत-बाहेर करायचं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था. ह्यांना वाटलं 'लगून'. असेच एकजण सूर्योदय बघत कयाक वल्हवत मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात शिरले. काठावर एक ओंडका होता. ओंडक्याने डोळा उघडला. तिथे मगरी आहेत, चांगल्या नांदत्या, आणि खाऱ्या पाण्याला सरावलेल्या. तिकडे दुर्भाटकडचे लोक पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पूजतात, बांध राख म्हणून. आमचे हे परत आले ते वल्हं कालव्यात टाकून. आता तेही पूजा करतात म्हणे. अमावास्येची वाट बघत नाहीत, रोज करतात.

आणि मग येतो जून. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक बोटींना बंदी. माशांच्या विणीचा हंगाम, समुद्र खवळलेला, खडकांवर शेवाळ, किनाऱ्यावर लाल झेंडे. आउटडोअर जगायला आलेला माणूस दोन महिने इनडोअर. चामड्याच्या बुटांवर हिरवी बुरशी, पासपोर्टवर पांढरी बुरशी, मीठ दगडासारखं, पापड ओल्या रुमालासारखा. जपानी रील खाऱ्या हवेने गंजून बसते. वीज जाते, तिच्यामागे इंटरनेट जातं, मग बॉसचा फोन येतो. गावातली माणसं मात्र मेमध्येच पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी करून बसलेली: सुकी सुंगटं, खारे बांगडे, सोलं, मिरच्या. आणि पहिल्या पावसाच्या रात्री कंदील, बॅटऱ्या घेऊन ओहोळावर चढणीचे मासे धरायला जाणार. त्यांचं आउटडोअर पावसातच सुरू होतं. आपला माणूस खिडकीतून बघतो आणि कोथरूडला फोन करून विचारतो, तिकडे पाऊस कसा आहे?

पुढे श्रावण. आता हा पुरता मासेखाऊ झालेला, आणि शेजारचे गोवेकर हिंदू महिनाभर मासे बंद करून बसलेले! कुणाकडे वाटी मागायची सोय नाही. वर शेजारीण विचारते, "तुम्ही पुण्याचे ना? तुमच्याकडे श्रावण पाळत नाहीत?" काय उत्तर देणार? घरात आई असती तर तिने त्याला त्या शेजारणीकडेच सोडलं असतं, वळण लागायला.

एवढं होऊन परत येतात का? मुळीच नाही! ऑगस्टात बोटी सुटतात, आकाश धुतल्यासारखं होतं, आणि गणपती झाले की हे पुन्हा खडकावर. कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिलेला, मुलं 'कितें रे' म्हणायला लागलेली, स्कूटरला गोव्याची पाटी. एकाने तर आसगावच्या मतदार यादीत नाव घातलं आणि आता तो न चुकता ग्रामसभेला जातो. परवाच्या सभेत म्हणे पहिल्या रांगेत बसून तावातावाने बोलत होता: बाहेरच्या लोकांनी गावाची वाट लावली, धक्क्यावर रॉड टाकायला जागा उरली नाही, मासा राहिला नाही, पूर्वीचं आसगाव राहिलं नाही. मागून कुणीतरी विचारलं, पूर्वीचं म्हणजे कधीचं?

तर म्हणाला, २०२१ चं.